तांदळातलं नाव

नाव बदलायला आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारते, कशाला? निम्म्यांना तिथेच घाम फुटतो. माझं दुकान कामोठ्यात आहे, भाजीवाल्यांच्या रांगेच्या मागे. पाटीवर ‘सर्व ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन’ असं लिहिलंय आणि त्यातल्या ‘सर्व’ शब्दाने माझ्या डोक्याला कायमचा ताप करून ठेवलाय. पाटी अब्बांनी रंगवून घेतली. अब्बा म्हणजे रशीद, मूळचे म्हसळ्याचे. जन्मभर कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन लोकांचे अर्ज बडवले, आता गल्ल्यावर बसून येईल त्याला चहा विचारतात. फॉर्म भरायचे मी, सर्व्हर पडला की बोलणी खायची मी, आणि वर ‘नबीला जरा तिखट आहे’ हेही माझ्याबद्दलच बोलायचं.

राजपत्रात नाव बदलून घेणारे माझ्याकडे नेहमी येतात. खारघरचा एक जण आहे, त्याला कोणीतरी सांगितलं की नावात एक अक्षर वाढवलं की धंदा उसळी घेतो. अक्षर वाढवलं, धंदा बसला. मग अक्षर काढलं, आता दुसरं घालायचंय. सरकारला त्याचं काही वावडं नाही, दर वेळी छापून आलं. दुसरा एक आला होता, त्याच्यावर फसवणुकीची केस, त्याला पार नवा माणूसच व्हायचं होतं. त्याला मी दारातूनच वाटेला लावला. शिक्षा झालेल्या माणसाने उठून नाव बदलावं आणि दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा लोकांना टोप्या घालाव्यात, हे कोणाला पटेल? म्हणून माझ्याकडच्या प्रतिज्ञापत्रात ओळ असते की माझ्यावर गुन्हा दाखल नाही, मला कोणत्याही कोर्टाने शिक्षा दिलेली नाही. असेल तर आधी पोलिसांचा दाखला आणा, कोर्टाची परवानगी आणा, मग पुढचं बोला. नियम बरोबर आहे. हे मी आजही म्हणते, फक्त आता दातओठ खाऊन म्हणते.

कारण त्या एका ओळीत आमची सुचितामावशी अडकली.

मावशी इथल्याच एका शाळेच्या बालवाडीत मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, शी झाली की धुवायचं, आणि आईला उशीर झाला तर रडणाऱ्याला कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहायचं. माझी भाची शायमा तिच्या कडेवरून खाली उतरायला तयार नसायची. माण तालुक्यातली बाई, उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की शेजारच्या सोसायटीतली पोरंसुद्धा गप्प व्हावीत. नवरा मानसिंग कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवायला-उतरवायला. एकच मुलगी, वैष्णवी, तीही कळंबोलीतच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागलेली. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही असं घर.

तर गणपती उठल्यावर एका दुपारी मावशी शाळा सुटल्या सुटल्या आली, स्टूल ओढलं आणि म्हणाली, “नबीला, माजं नाव बदलून दे. गोजरा कर.”

मी विचारलं, कशाला? तिला घाम फुटला नाही, ती चिडली. शाळेने सगळ्या बायांना पोलिसांची पडताळणी करून आणायला सांगितली होती. लहान मुलांचं काम, हल्ली विचारतातच. बाकीच्यांचे दाखले आले. हिच्या दाखल्यावर शेरा आला की या बाईला कोर्टातून शिक्षा झालेली आहे. मुख्याध्यापिका बाई भली. तिने आरडाओरडा केला नाही, पण म्हणाली की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काय ते निस्तरा, नाहीतर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मावशीने त्यावर घरबसल्या तोड काढली होती. डाग सुचिता नावावर आहे ना? मग सुचिता नकोच. माहेरचं नाव गोजरा, ते परत लावायचं, की झालं.

मला आधी हसू आलं आणि मग जो काही राग आला, विचारू नका. मी तिला समजावलं की अगं बाई, तू जे करायला निघालीस ना, नेमकं तेच कोणी करू नये म्हणून तर हा नियम आहे. तिला काही ते पटेना. शेवटी मी विचारलं, केलं होतंस तरी काय? तर म्हणे, काही नाही. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. तेव्हा तिने झटक्यात हात काउंटरवर आपटला आणि बांगड्या वर सारल्या. मनगटाच्या वर हिरवं, विस्कटलेलं गोंदण होतं. गोजरा.

“ह्ये बघ. ल्हानपनी जत्रंत गोंदलंय. म्या सुचिता कवा हुते?”

हे प्रकरण साधं नाही, एवढं मला तेव्हा कळलं. पूर्ण गोष्ट बाहेर पडायला मात्र दिवस लागले. ती रोज येणार, थोडं सांगणार, मध्येच ‘जाऊ दे’ म्हणून उठणार. अब्बा तिला चहा पाजून पाजून बोलतं करत होते आणि इकडे माझी गिऱ्हाइकं फोटो हातात धरून ताटकळत होती. मी अब्बांना डोळे वटारून दाखवले, पण त्यांना अशा गोष्टींची जन्माची आवड.

गोष्ट अशी की मानसिंगची ही दुसरी बायको. पहिलीचं नाव पुतळा. लग्नात पुतळाचं नाव बदलून सुचिता ठेवलं. तुम्हाला माहीतच आहे, तांदळाचं ताट पुढे घेतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो, साखर वाटतात, आणि काल जी पुतळा होती ती आज सुचिता. ना प्रतिज्ञापत्र, ना राजपत्र. सुचिता हे नाव मानसिंगच्या आईने, राजाबाईने, गावातल्या कोणा नर्सबाईचं ऐकलं होतं. तिला ते फार आवडलेलं.

ही पुतळा कळंबोलीत ट्रक उभे राहतात तिथे चहा-भज्यांची गाडी लावायची. एक दिवस अतिक्रमणवाले आले आणि गाडी उचलायला लागले. कढईत तेल तापलेलं, पीठ कालवलेलं, आणि हे गाडी उचलतायत. पुतळा झारा घेऊन अंगावर गेली आणि तो एका साहेबाच्या हातावर बसला. सरकारी माणसावर हात उचलल्याची केस झाली. निकाल लागला तेव्हा ती पोटुशी होती. जज्जसाहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि थोडा दंड अन् कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे मागच्या बाकावर बसून राहायचं, जज्ज उठले की घरी जायचं. पुतळाने बाकावर बसून शेंगा खाल्ल्या म्हणे. संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापल्या. शिक्षा भोगून संपली असं तिला वाटलं, आणि कोणालाही तसंच वाटेल.

पुढे वैष्णवी झाली आणि काही महिन्यांतच पुतळाला कावीळ झाली. डॉक्टर सोडून तिला गावी नेली, झाडपाला केला, आणि ती गेली. गावीच अग्नी दिला. मृत्यूची नोंद करायची असते हे त्या घरात कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. घरात तान्ही पोर, हमालीला जाणारा बाप. वर्ष व्हायच्या आत मानसिंगचं दुसरं लग्न लावलं. ही आपली गोजरा.

आता नाव ठेवायची वेळ आली. ताट पुढे आलं, अंगठी आली, आणि राजाबाईने सांगितलं की सुचिताच ठेवा. लोकांना वाटलं, मेलेल्या सवतीचा जीव घोटाळू नये म्हणून असेल. कसलं काय. म्हातारीने विचार केला की रेशनकार्डावर सुचिताचं नाव आहेच. ते कमी करा, नवीन चढवा, त्यासाठी पनवेलला खेटे घाला, हे कोणी करायचं? नवरा तोच, घर तेच, नाव तेच ठेवलं की कार्डाला हातच लावायला नको. मानसिंगने तांदळात तेच नाव दुसऱ्यांदा गिरवलं. पहिल्या वेळेपेक्षा अक्षर बरं आलं असं सगळे म्हणाले. साखर वाटली आणि गोजरा सुचिता झाली. मरणाची नोंद नाही, लग्नाची नोंद नाही, कार्ड जसंच्या तसं.

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. ऊन असो, पाऊस असो, लोक रांगा लावून माझं डोकं खातात, आणि या म्हातारीने एक खेप वाचवायला सुनेचं आख्खं माणूसपण मेलेल्या बाईच्या खात्यात जमा करून टाकलं. कारण त्या रेशनकार्डावरून मतदान कार्ड निघालं, त्यावरून बँकेचं खातं, त्यावरून आधार. अंगठा हिचा, फोटो हिचा, नाव पुतळाचं. पुतळाचं तरी कसलं, ते मुळात त्या नर्सबाईचं. राजाबाई आता नाही, नाहीतर मी तिच्याशी भांडायला माणला गेले असते.

बरं, एवढ्यावर भागत नव्हतं. गोजराला स्वतःचं मूल झालं नाही. वैष्णवीला तिने तान्ही असल्यापासून वाढवली, आणि तू माझ्या पोटची नाहीस हे तिला कधी सांगितलंच नाही. सांगायची गरजही पडली नाही. जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव सुचिता, शाळेत सुचिता, घरात आई सुचिता. सगळं कसं जुळत होतं. म्हणून माझ्याकडे आल्या दिवसापासून मावशीची एकच अट, वैष्णवीला कळता कामा नये. नोकरी तर हवी, नाव तर बदलून हवं, आणि पोरीला पत्ता लागायला नको.

मी तिला कागदावर रेघोट्या मारून दाखवलं. नाव बदलायचं तर शिक्षा झालेली नाही असं सांगावं लागेल. शिक्षा तुला झाली नाही, पुतळाला झाली, असं सांगायचं तर पुतळा मेली हे दाखवावं लागेल. ते दाखवलं की तू इतकी वर्षं मेलेल्या बाईच्या कागदांवर राहिलीस हे कबूल होतं, आणि तो आणखी एक गुन्हा. म्हणजे गुन्हा नाही हे सिद्ध करायला गुन्हा कबूल करायचा. तिने रेघोट्या शांतपणे बघितल्या आणि म्हणाली, तुमच्या त्या कॉम्प्युटरला बोटाचा ठसा कळतो, गोंदण कळत नाही का? मी तिच्यावरच डाफरले.

मग सुरू झाली पळापळ. पनवेलच्या वकिलाने सांगितलं की एकतर शिक्षा आपलीच आहे असं मान्य करून कोर्टाची परवानगी मागा, नाहीतर खरं काय ते पोलिसांत सांगून रेकॉर्ड दुरुस्त करून घ्या. पहिल्या रस्त्याने गेलात तर नाव कदाचित बदलेल, पण शिक्षा नव्या नावाला चिकटून येईल. गावच्या ग्रामसेवकाला फोन केला, तो म्हणाला पुतळा नावाची बाई गेल्याचं लोकांना आठवतं, पण नोंद नाही, आणि इतक्या वर्षांनी नोंद करायची तर वरून आदेश आणा. आणि मानसिंग! त्या माणसाला मी दुकानात बोलावून घेतला, समोर बसवला, सगळं सांगितलं. तो टोपी मांडीवर ठेवून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, बघू की. मी म्हटलं, काका, बायकोची नोकरी जातेय, तुम्ही साक्ष द्यायला याल का? तर बघू की. तारीख ठरवू का? बघू की. टनभर लोखंड उचलणारा माणूस, पण एक वाक्य उचलायला तयार नाही.

शेवटी मीच हट्टाला पेटले. मावशीला म्हटलं, हे बघ, खरं ते खरं. पडताळणीच्या टेबलावरच्या मॅडम माझ्या ओळखीच्या आहेत, रोजचा संबंध आहे. त्यांना सांग, मानसिंगकाका साक्ष देतील, त्या काहीतरी मार्ग काढतील, आणि वैष्णवीला यातलं अवाक्षर कळायचं कारण नाही. मावशीने दोन दिवस तोंड फिरवलं. पण त्याच आठवड्यात शाळेने तिच्या जागेवर एक मुलगी बघून ठेवल्याचं तिच्या कानावर आलं, आणि शायमाने घरी येऊन सांगितलं की आज मावशी डबे धुताना रडत होती. दुसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, चल.

पोलीस ठाण्यात आम्ही दोघी आधी पोचलो. ‘बघू की’ म्हणत का होईना, मानसिंग येणार होता कळंबोलीहून. मी दाराकडे डोळे लावून बसले होते, आणि बघते तर काय, स्कूटीच्या मागे मानसिंग आणि पुढे वैष्णवी. या बाबाने पोरीलाच सांगितलं होतं, आईचं पोलीस ठाण्यात काम आहे, मला सोड. मला वाटलं, तिथल्या तिथे त्याची टोपी काढून फेकून द्यावी. मावशी पांढरीफटक पडली. मी पुढे होऊन वैष्णवीला म्हटलं, तू जा गं ऑफिसला, किरकोळ काम आहे. ती म्हणाली, सुट्टी टाकलीय, आणि सरळ आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मॅडमनी विचारायला सुरुवात केली. मावशी नुसत्या बांगड्या मागेपुढे करत बसली. मानसिंग टोपीशी खेळत होता. मीच काहीतरी गोलगोल बोलायला लागले, की मॅडम, नावाचा जरा घोळ झालाय, शिक्षा दुसऱ्या बाईला झालेली आहे. मॅडम म्हणाल्या, दुसरी बाई कोण? याच नवऱ्याचं नाव आहे, हाच पत्ता आहे. मी मानसिंगकडे बघितलं, त्याने जमिनीकडे. आणि तेव्हा भिंतीला टेकलेली वैष्णवी पुढे आली.

“मॅडम, माझी जन्म देणारी आई मी लहान असतानाच वारली. शिक्षा तिला झाली होती. लग्नानंतर तिचंही नाव सुचिताच होतं. ही गोजरा. हिने काही केलेलं नाही.”

मी मावशीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, लाज होती, चोरी पकडल्यासारखी. वैष्णवीला सगळं माहीत होतं. दहा वर्षांची असताना गावी कोणाच्या तरी लग्नात एका म्हातारीने तिचं तोंड कुरवाळून ‘अगदी पुतळाचं तोंड’ म्हणून रडून घेतलं, आणि मग काय, गावातल्या बायांना झारा-कोर्टासकट सगळं सांगायला विषयच मिळाला. पोरगी घरी येऊन गप्प बसली, कारण आईने लपवलंय म्हणजे आपल्याला हे कळलेलं तिला नको असणार. आई इकडे गप्प, पोरगी तिकडे गप्प. इतकी वर्षं दोघी एकाच घरात एकमेकींपासून तीच एक गोष्ट सांभाळत बसल्या होत्या. आणि मी यांच्यासाठी आठवडाभर दुकान वाऱ्यावर सोडून गुप्त कारस्थानं करत होते. अल्ला, मला सहनशक्ती दे.

पण खरं सांगते, मला हायसंही वाटलं. गाठ सुटली होती. मॅडमसुद्धा बऱ्या निघाल्या. म्हणाल्या, कागद चुकीचे वापरले हे खरं, पण घरच्यांनी अडाणीपणाने केलं असं मी लिहिते, वरचे काय म्हणतील ते माझ्या हातात नाही. मुलीचा जबाब महत्त्वाचा आहे, त्याने बरंच काम होईल. त्यांनी जबाब लिहून घेतला. मानसिंगनेही मान हलवली, म्हणजे त्याच्या हिशोबात भाषणच केलं. मावशीची नोकरी मला समोर दिसायला लागली.

मॅडमनी लिहिलेलं वाचून दाखवलं. सुचिता, माहेरचं नाव पुतळा, मयत. वैष्णवी, तिची मुलगी. अर्जदार गोजरा, वैष्णवीच्या वडिलांची दुसरी पत्नी, नाते सावत्र. सगळ्यांनी सह्या करा म्हणाल्या.

मावशीने पेन घेतलं आणि तशीच थांबली. तिने विचारलं, आता हिच्या दाखल्यांवर आईच्या नावाचं काय होईल? मॅडम म्हणाल्या, नाव तेच राहील, सुचिता, पण ती मयत. मावशीने परत विचारलं, शाळेच्या दाखल्यावर? तिथेही तीच. उद्या पोरीचं लग्न लागलं, तिथे आईचं नाव लिहिलं, तर तिथे? मॅडम जरा वैतागल्या, म्हणाल्या, अहो बाई, जी आई आहे तिचंच नाव लागणार ना सगळीकडे.

मावशीने पेन खाली ठेवलं आणि कागद मॅडमकडे सरकवला.

“ऱ्हाऊ द्या मंग. त्यो झारा म्याच मारला हुता.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वैष्णवी ओरडली, आई, तू काय बोलतेस. मावशीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने मॅडमना सांगितलं की पोरगी मला वाचवायला खोटं बोलते, पुतळा बितळा कोणी नव्हती, सुचिता मीच, हिची आई मीच, कोर्टात मागच्या बाकावर बसून शेंगा मीच खाल्ल्या. शेंगासुद्धा सोडल्या नाहीत तिने. मॅडमनी मानसिंगला विचारलं, तुम्ही सांगा, ही कोण? मानसिंगने बायकोकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, माझी बायको. मॅडमनी कागद टराटरा फाडला आणि आम्हाला सांगितलं की आधी घरी बसून ठरवा तुम्ही कोण आहात, आणि मग या.

बाहेर आल्यावर मी मावशीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरी हातात आली होती, नाव हातात आलं होतं, पोरीने जिवावर उदार होऊन सगळं कबूल केलं होतं, आणि या बाईने लाथ मारली. न केलेला गुन्हा अंगावर घेतला, तोही पोलिसांसमोर, स्वतःच्या तोंडाने. वैष्णवी रडत होती. तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, कागदावर काही लिहू देत, त्याने काय फरक पडतो, मला तर माहीत आहे ना माझी आई कोण ते. मावशी म्हणाली, तुला फरक पडत नाही, मला पडतो. ज्या दिवशी मी गोजरा होईन त्या दिवशी तुझी आई मेलेली ठरते, आणि मग एवढी वर्षं मी कोण होते ते सांग. वैष्णवीने तिचा हात सोडला नाही. माझा खरा संताप त्या प्रश्नाचाच होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मावशी शाळेत गेली नाही. मुख्याध्यापिकेने साडी देऊन निरोप दिला, डोळे पुसले, पण नियम म्हणजे नियम. शायमाने आठवडाभर शाळेच्या गेटवर गोंधळ घातला. मावशी आता दोन सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायला जाते, तिथे पोलिसांचा दाखला कोणी मागत नाही. मधल्या वेळेत दुकानात येऊन बसते, कारण अब्बांचा चहा. मी तिच्याशी काही दिवस बोलत नव्हते. तिने त्याकडे लक्षच दिलं नाही.

परवा वैष्णवी आली, सोबत मावशी. पोरीला पासपोर्ट काढायचाय, ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर कुठेतरी जायचंय. पासपोर्टचा मुख्य फॉर्म भरण्याआधी मी माझ्या दुकानाच्या साध्या फॉर्मात माहिती भरून घेते, सगळ्यांचीच घेते, घरातलं कोण आहे, कोण नाही, म्हणजे पुढे घोळ होत नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता भरला. आईच्या नावाच्या रकान्यापाशी मी थांबले नाही, सुचिता टाकलं. त्याच्या शेजारी दोन छोटे चौकोन असतात, हयात आणि मयत. मावशी स्टुलावरून पुढे वाकली. वाचता तिला फारसं येत नाही, पण तिला बरोबर कळलं मी कुठे आहे. वैष्णवीनेही तिकडे बघितलं.

मी हयातवर क्लिक केलं. मावशीने स्क्रीनवर खूण उमटलेली बघितली, परत एकदा खात्री करून घेतली, आणि मग मागे टेकून अब्बांना म्हणाली, चहा सांगा.